गोठ्याखालच्या डबक्यातल्या गोगलगायी: आहार, पर्णकृमी आणि चरबीचा गुंता

चिपळूणहून गुहागरकडे जाणाऱ्या पट्ट्यातली ही वाडी. वर जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट खडकाळ माळ, सड्यावरून उतरणारा वहाळ आणि वहाळाच्या दोन्ही अंगांना पायऱ्यापायऱ्यांनी खाली जाणारी भाताची खाचरं. वहाळाच्या काठावर एक गोठा आहे. गोठ्याची मोरी गायरीच्या, म्हणजे शेणाच्या खड्ड्याच्या, कडेने वळते आणि एका उथळ डबक्यात उतरते. डबकं भरलं की तेच पाणी खालच्या खाचरात जातं. गोठ्यापासून बरंच वर, सड्याच्या पायथ्याशी, वहाळाचा एक संथ डोह आहे. तिकडे गुरं फिरकत नाहीत.

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने प्रबंधासाठी या दोन जागा निवडल्या. डबक्यात खाणं भरपूर, डोहात बेताचं. तर दोन्हीकडच्या गोगलगायींच्या अंगातल्या चरबीत काय फरक दिसतो, एवढाच तिचा प्रश्न होता. मी तिची मार्गदर्शक. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की प्रश्न विचारला होता अन्नाबद्दल आणि उत्तर मिळालं ते अन्न व परजीवी या दोघांबद्दल. कोकणातल्या पाण्यात हे दोघे एकाच मोरीतून येतात. त्यांना वेगळं केल्याशिवाय गोगलगायीच्या चरबीचा एकही आकडा वाचता येत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

प्राणी आणि त्याची साठवण

निवडलेली जात होती इंडोप्लॅनॉर्बिस एक्सस्टस. चपटी, मेंढ्याच्या शिंगासारखी गुंडाळलेली ही तपकिरी गोगलगाय आपल्याकडे खाचरांत, तळ्यांत, पाटांत सर्रास सापडते. तिच्या रक्तद्रवात हिमोग्लोबिन विरघळलेलं असतं, म्हणून ती दुखावली तर पाण्यात लाल रेघ उमटते. त्याच डबक्यात राहणाऱ्या टोकदार शंखाच्या लिम्निया गोगलगायीचं रक्त मात्र निळसर, कारण तिच्याकडे तांबं असलेलं हिमोसायनिन. दोघीही फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या, त्यामुळे कमी ऑक्सिजनच्या गढूळ पाण्यातही तगतात. दोघींच्या शंखाला झाकण नसतं. तरीही इंडोप्लॅनॉर्बिस वैशाखात चिखलात शिरून राहू शकते आणि पाणी आलं की पुन्हा वर येते.

गोगलगायीची रोजची ऊर्जा मुख्यतः ग्लायकोजेनवर चालते. हे ग्लायकोजेन तिच्या पायात आणि प्रावारात, म्हणजे शंखाच्या आतल्या मऊ आवरणात, साठतं. अंड्यांसाठी तिच्याकडे गॅलॅक्टोजेन नावाची खास शर्करा असते आणि ती अल्ब्युमिन ग्रंथीत तयार होते. चरबीचा साठा असतो पाचकग्रंथीत, म्हणजे शंखाच्या अगदी आतल्या वेटोळ्यातल्या तपकिरी ग्रंथीत. जननग्रंथी तिलाच चिकटलेली असते, इतकी की कापताना दोन्ही सुट्या होत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत दोन्ही मिळून एकच भाग धरतात.

या चरबीत मुख्य पाच गट येतात. पेशींच्या पडद्यात बसलेले फॉस्फोलिपिड, मोकळे स्टेरॉल (त्यातही कोलेस्टेरॉल जास्त), मोकळी मेदाम्लं, ट्रायग्लिसराइड आणि स्टेरिल एस्टर. पहिले दोन बांधकामाचे, म्हणून उपासमारीतही फारसे हलत नाहीत. ट्रायग्लिसराइड ही खरी शिल्लक. खाणं जास्त झालं की ती वाढते, तंगी आली की लायपेज नावाचं वितंचक तिच्यातली मेदाम्लं सुटी करतं आणि ती पेशींत जाळली जातात. स्टेरिल एस्टर म्हणजे जास्तीचं कोलेस्टेरॉल मेदाम्लाला जोडून बाजूला ठेवलेलं रूप. तेव्हा अन्नाचा परिणाम पाहायचा तर नजर ट्रायग्लिसराइड आणि स्टेरिल एस्टर या दोन ठिपक्यांवर ठेवायची.

ठिपके म्हणायचं कारण पद्धतीत आहे. ग्रंथी वजन करून क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या २:१ मिश्रणात वाटायची. ही फोल्च यांची १९५७ सालची रीत आजही बहुतेक प्रयोगशाळांत चालते. गाळून, क्षाराच्या पाण्याने धुऊन उरलेला अर्क सिलिका जेलच्या पातळ थरावर थेंबाने लावायचा. मग ती प्लेट पेट्रोलियम इथर, डायएथिल इथर आणि ॲसेटिक आम्ल यांच्या ८०:२०:१ मिश्रणात उभी करायची. द्रावण वर चढत जातं तशी चरबीची पांगापांग होते. फॉस्फोलिपिड आरंभरेषेवरच बसून राहतात. त्यांच्या वर क्रमाने स्टेरॉल, मेदाम्लं, ट्रायग्लिसराइड आणि सगळ्यात उंच स्टेरिल एस्टर. फॉस्फोमॉलिब्डिक आम्ल फवारून प्लेट तापवली की पिवळ्या पार्श्वभूमीवर निळे ठिपके उमटतात. शेजारी ठाऊक प्रमाणाचे नमुने लावलेले असले की ठिपक्याच्या गडदपणावरून प्रमाण काढता येतं. महागडं यंत्र लागत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात होण्यासारखं काम आहे, फक्त क्लोरोफॉर्मसाठी धूर खेचणारं कपाट हवंच हवं. त्यात तडजोड नाही.

याच साध्या पद्धतीवर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या लाफायेत कॉलेजात बर्नार्ड फ्रीड आणि जोसेफ शर्मा या जोडीने अनेक वर्षं गोगलगायींच्या चरबीचा अभ्यास केला. एक परजीवीशास्त्रज्ञ, दुसरा रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्या गोगलगायी बायोम्फॅलेरिया ग्लॅब्रॅटा आणि हेलिसोमा ट्रायव्हॉल्व्हिस या, म्हणजे आपल्या इंडोप्लॅनॉर्बिसच्या लांबच्या नात्यातल्या. लेट्यूसच्या पानांवर वाढवलेल्या आणि कोंबडीच्या अंड्याच्या बलकावर वाढवलेल्या गोगलगायींची त्यांनी तुलना केली, तेव्हा बलक खाणाऱ्यांमध्ये ट्रायग्लिसराइड आणि स्टेरिल एस्टर ठळकपणे वाढलेले दिसले.

ते तसंच व्हायला हवं. बलकाच्या वजनाचा चौथा हिस्सा किंवा थोडा जास्तच भाग चरबी असते आणि एका बलकात २०० मिलीग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल. याउलट लेट्यूसमध्ये ९५ टक्के पाणी. पानात जी थोडी चरबी असते ती हरितलवकांच्या पडद्यांतली गॅलॅक्टोलिपिड. साठवणीची चरबी पानात जवळपास नसते, त्यामुळे गोगलगायीला त्यातली मेदाम्लं सुटी करून आपली ट्रायग्लिसराइड नव्याने बांधावी लागते.

डबकं आणि डोह

निसर्गात गोगलगाय बलकही खात नाही आणि लेट्यूसही नाही. ती खरवडते. दगडावर, कुजक्या पानावर, भाताच्या बुडख्यावर जो निसरडा थर चढतो, त्यात शेवाळ, जिवाणू आणि डायटम नावाची सूक्ष्म एकपेशीय शेवाळं असतात. डायटम आपली शिल्लक बऱ्याच अंशी तेलाच्या थेंबांत ठेवतात, म्हणून डायटमांनी भरलेला थर खाणारी गोगलगाय चांगली चरबी धरते.

कोकणात हा थर वर्षभर सारखा नसतो. आषाढात वहाळ फुगला की तो खरवडून निघतो. पाऊस ओसरला, पाणी निवळलं, ऊन तळापर्यंत पोचायला लागलं की आश्विन-कार्तिकात तो पुन्हा जोमाने चढतो. डबक्यात तर शेणामुताचा नत्र आणि स्फुरद मिळतो, तिथला थर जाड आणि हिरवागार. वरच्या डोहातलं पाणी जांभ्यातून झिरपलेलं, मऊ, चुन्याला गरीब. तिथल्या गोगलगायींचे शंखही टोकाशी झिजलेले.

विद्यार्थिनीने दिवाळीनंतर दोन्ही जागांवरून सारख्या आकाराच्या गोगलगायी आणल्या. ग्रंथी फार लहान असते, म्हणून नेहमीच्या रीतीप्रमाणे चार-सहा गोगलगायींच्या ग्रंथी एकत्र वाटून एक नमुना केला. अपेक्षा सरळ होती: डबक्यातल्या गोगलगायींचा ट्रायग्लिसराइडचा ठिपका गडद, डोहातल्यांचा फिका.

डोहातले नमुने एकमेकांशी जुळले. ठिपका बेताचा, पण प्रत्येक नमुन्यात साधारण तेवढाच. डबक्यातल्या नमुन्यांचं मात्र काही जुळेना. एकात ट्रायग्लिसराइडचा ठिपका चांगला गडद, दुसऱ्यात जेमतेम, तिसऱ्यात मधलाच. त्याच जागेवरून, त्याच सकाळी उचललेल्या, मापाने सारख्या गोगलगायी.

"मॅडम, खाणं तेच, पाणी तेच, मग ठिपके वेगळे कसे?" तिने विचारलं.

सरासरी काढली असती तर डबकं आणि डोह यांच्यात फारसा फरक नाही असं लिहून मोकळं होता आलं असतं. प्रबंधात बसलंही असतं ते. पण एवढा विखुरलेपणा दिसला की सरासरी झाकणाचं काम करते. म्हणून पुढचे नमुने एकत्र वाटायचे नाहीत, एकेका गोगलगायीचा अर्क वेगळा करायचा, आणि त्याआधी प्रत्येक गोगलगाय आतून कोणासोबत राहते ते पाहायचं, असं ठरलं.

काचनळीतली तपासणी

तपासणी सोपी आहे. विहिरीचं पाणी दिवसभर उघडं ठेवायचं. पावसाळ्यात आणि नंतरही गावच्या विहिरींत टीसीएल पावडर टाकतात, तिचा क्लोरीन उडून जायला हवा. एकेका काचनळीत एकेक गोगलगाय ठेवून दिव्याखाली काही तास थांबायचं. गोगलगायीच्या आत पर्णकृमीची, म्हणजे चपट्या परजीवी कृमीची, पूर्ण वाढ झाली असेल तर सर्केरिया नावाची शेपटीवाली पिल्लं पाण्यात बाहेर पडू लागतात. काळ्या कागदासमोर नळी धरली की ती वळवळणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात, भिंगाखाली आणखी स्पष्ट. हातमोजे घालूनच हे काम करायचं, कारण शिस्टोसोमा या गुरांच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या पर्णकृमीच्या सर्केरिया माणसाच्या कातडीतही घुसतात. माणसात त्या वाढत नाहीत, पण कातडीत मरताना जबर खाज उठवतात.

डबक्याशेजारच्या घरातल्या काकी हे ऐकून म्हणाल्या, "लावणीला त्या खालच्या खाचरात उतरलं की पायांना कंड सुटते. वरच्यात नाही सुटत. आम्ही म्हणतो शेणाचं पाणी बाधतं." त्यांचं निरीक्षण अगदी बिनचूक होतं. शेणाचं पाणी, गोगलगाय आणि कंड यांची साखळी त्यांनी पायाने ओळखली होती.

डबक्यातल्या गोगलगायींपैकी काहींच्या नळीत दुभंगलेल्या शेपटीच्या सर्केरिया दिसल्या, म्हणजे शिस्टोसोमाच्या कुळातल्या. इंडोप्लॅनॉर्बिस ही शिस्टोसोमा स्पिंडेल आणि बैलांच्या नाकात गाठी करून त्यांना घोरायला लावणारा शिस्टोसोमा नेझेल या दोघांचीही यजमान आहे. काही नळ्यांत वेगळ्याच सर्केरिया होत्या: जाड, काळपट, दोन डोळ्यांच्या, संथ. या अँफिस्टोमच्या, म्हणजे गुरांच्या पहिल्या पोटात राहणाऱ्या पर्णकृमींच्या. डोहातल्या नळ्या स्वच्छ राहिल्या.

मग एकेकीचे अर्क लावले. सर्केरिया सोडणाऱ्या बहुतेक गोगलगायींचा ट्रायग्लिसराइडचा ठिपका फिका निघाला आणि न सोडणाऱ्यांचा बहुधा गडद. डबकं खरोखरच गोगलगायींना लठ्ठ करत होतं. फक्त काहींच्या बाबतीत ती चरबी त्यांच्याकडे उरत नव्हती.

आतला कृमी काय करतो

शेणातून किंवा बैलाच्या नाकातल्या शेंबडातून पर्णकृमीची अंडी पाण्यात येतात. अंड्यातून निघालेल्या मिरॅसिडियमला एखाद्या दिवसाच्या आत योग्य जातीची गोगलगाय सापडावी लागते, नाहीतर ते मरतं. आत शिरल्यावर ते स्पोरोसिस्ट होतं, स्पोरोसिस्टच्या पोटी पुढच्या पिढ्या निपजतात आणि त्या सगळ्यांचा ओढा एकाच जागेकडे असतो: पाचकग्रंथी आणि जननग्रंथी. म्हणजे नेमकी चरबीची कोठी.

तिथे पोचल्यावर दोन जातींचे कृमी दोन तऱ्हांनी वागतात. शिस्टोसोमाच्या स्पोरोसिस्टला तोंडच नाही. ते आपल्या सगळ्या अंगाने यजमानाच्या रक्तद्रवातलं ग्लुकोज, अमिनो आम्लं आणि मेदाम्लं शोषतं. अँफिस्टोममध्ये मधली पिढी रेडियांची असते आणि रेडियाला तोंड, घसा, आतडं सगळं असतं. ती ग्रंथीचा ऊतक चक्क खाते. त्यामुळे 'संसर्गित गोगलगाय' असा एकच गट करून आकडे मांडणं मला पटत नाही. आत कोण आहे हे लिहिलंच पाहिजे. वेगवेगळ्या गोगलगायी आणि वेगवेगळे कृमी यांवरच्या अभ्यासांत कुठे ट्रायग्लिसराइड घटलेली दिसते तर कुठे रोगट ग्रंथीत चरबीचे थेंब साचलेले दिसतात. या विसंगतीचं एक मोठं कारण इथे आहे.

पर्णकृमी चरबीसाठी यजमानावर इतका विसंबून का असतो? १९७० साली मायर, मायर आणि ब्यूडिंग यांनी शिस्टोसोमा मॅन्सोनी या कृमीवर काम करून दाखवलं की तो लांब साखळीची मेदाम्लं आणि स्टेरॉल मुळापासून बनवूच शकत नाही. विशेष म्हणजे पाण्यात मोकळी राहणारी प्लॅनेरिया ही त्याची नातेवाईकही ते बनवू शकत नाही असं त्याच कामात दिसलं. म्हणजे ही उणीव परजीवी झाल्यामुळे आलेली नसावी. २००९ मध्ये या कृमीचा जीनोम प्रसिद्ध झाला, त्यातूनही मेदाम्लं मुळापासून बांधण्याची सामग्री त्याच्याकडे नाही याला दुजोरा मिळाला. तयार मेदाम्लं घेऊन तो त्यांत फेरफार करू शकतो, त्यांच्यापासून स्वतःचे फॉस्फोलिपिड जोडू शकतो. पण कच्चा माल दुसऱ्याचा. आणि माल लागतो प्रचंड, कारण रोज बाहेर पडणाऱ्या प्रत्येक सर्केरियाला पेशींचे पडदे हवेत, म्हणजे फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल हवं. सर्केरिया बाहेर पडल्यावर काही खात नाही. आत असताना मिळवलेल्या ग्लायकोजेनवर तिचं थोडकं आयुष्य चालतं.

अशा रीतीने गोगलगायीवर दुहेरी ताण येतो. ग्लुकोज आणि ग्लायकोजेन ओढलं जातं, म्हणून ती स्वतःची चरबी मोडायला लागते. आणि मोडलेली मेदाम्लं कृमीच पळवतो. खाणं समोर असून शरीर उपाशी, अशी ही अवस्था. त्यातच पाचकग्रंथीच्या पेशी नष्ट झाल्याने खाल्लेलं पचवण्याची ताकदही घटते.

दुसऱ्या बाजूला एक खर्च बंदही होतो. जननग्रंथी निकामी झाली की अंडी घालणं थांबतं. अंड्यांवर जाणारी ऊर्जा मोकळी होते, आणि काही जातींत संसर्ग झालेल्या गोगलगायी निरोगींपेक्षा आकाराने मोठ्याही होतात. शंखाच्या मापावरून गोगलगाय धडधाकट आहे असं ठरवणं म्हणूनच धोक्याचं. आमच्या डबक्यातल्या सगळ्यात मोठ्या गोगलगायींपैकी काही सर्केरिया सोडणाऱ्याच निघाल्या.

पान आणि बलक

आता अन्नाचा प्रश्न नव्याने मांडता आला. सर्केरिया सोडणाऱ्या आणि न सोडणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या गोगलगायी काचेच्या बरण्यांत ठेवल्या. प्रत्येक प्रकारातल्या काहींना उकडलेला पालक, काहींना उकडलेल्या अंड्याचा बलक. काही निरोगी गोगलगायी उपाशी ठेवल्या, कारण कृमीमुळे होणारी झीज आणि निव्वळ उपासमार यांची तुलना हवीच. आमचं पाणी चुन्याला गरीब, म्हणून सगळ्या बरण्यांत कालवांच्या शिंपल्यांचा चुरा घातला. बलकाने पाणी लवकर नासतं. चिमूटभर घालायचा आणि उरलेला काढून पाणी रोज बदलायचं. हे सांभाळलं नाही तर गोगलगायी कुजक्या पाण्याने मरतात आणि दोष चरबीवर जातो.

निरोगी गोगलगायींनी पुस्तकात असतं तसंच वागून दाखवलं. पालकावर ट्रायग्लिसराइडचा ठिपका टिकून राहिला, बलकावर तो गडद झाला आणि सर्वांत वरचा स्टेरिल एस्टरचा ठिपकाही उठून दिसू लागला. उपाशी ठेवलेल्यांमध्ये ट्रायग्लिसराइड ओसरली, स्टेरॉलचा ठिपका मात्र जवळपास जागच्या जागी. बांधकाम आणि शिल्लक यांतला फरक एका प्लेटवर विद्यार्थिनीच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, आणि शिकवणारीला याहून जास्त काय हवं!

संसर्ग झालेल्यांनी एकसारखं उत्तर दिलं नाही. पालकावरच्या बहुतेक उपाशी गोगलगायींसारख्या दिसल्या: शिल्लक फिकी. बलकावरच्या काहींमध्ये ठिपका थोडा भरला, काहींमध्ये नाही, आणि त्यांच्यात मरही जास्त झाली. भरलेल्या ठिपक्याबद्दल मी विद्यार्थिनीला एक प्रश्न लिहायला लावला: ही चरबी कोणाची? कृमीची वाढ पूर्ण झालेली असते तेव्हा काढलेल्या 'ग्रंथी'चा मोठा हिस्सा कृमीचाच ऊतक असतो. स्पोरोसिस्ट, रेडिया आणि अर्धवट वाढलेल्या सर्केरिया सगळ्या त्याच वाटणात जातात. सूक्ष्मदर्शकाखाली सुईने रेडिया वेचून वेगळ्या करता येतात, शिस्टोसोमाचे गुंतलेले स्पोरोसिस्ट मात्र सहज सुटत नाहीत. शिवाय रोगट ग्रंथी पाणचट होते, म्हणून ओल्या वजनावर काढलेलं प्रमाण फसवतं. सुक्या वजनावरच हिशेब करायचा.

आणि एक अडचण उरलीच होती. सर्केरिया न सोडणाऱ्या, पालकावर नीट खाणाऱ्या दोन-तीन गोगलगायींचा ठिपका विचित्रपणे फिका होता. त्यांची राखून ठेवलेली ग्रंथी काचपट्टीवर दाबून पाहिली, तेव्हा आत कोवळे स्पोरोसिस्ट सापडले. संसर्ग होणं आणि सर्केरिया बाहेर पडू लागणं यांत कित्येक आठवडे जातात. त्या काळात काचनळी स्वच्छच दिसते, ग्रंथी मात्र भरत आलेली असते. एका तपासणीत 'निरोगी' ठरलेली रानातली गोगलगाय निरोगी धरता येत नाही. ती महिनाभर तरी बंद बरणीत ठेवून पुन्हा तपासावी, किंवा सरळ तिची अंडी प्रयोगशाळेत उबवून त्या पिढीवर काम करावं. पर्णकृमी अंड्यांतून पुढच्या पिढीत जात नाही, म्हणून ती पिढी खात्रीने स्वच्छ असते.

मोरी

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा प्लेटवर नसून त्या मोरीत आहे. शेणाबरोबर खत येतं, खताने शेवाळ वाढतं, शेवाळाने गोगलगायी वाढतात आणि लठ्ठ होतात. त्याच शेणाबरोबर कृमीची अंडीही येतात. अन्नसमृद्ध पाण्यातल्या गोगलगायीलाच संसर्गाचा धोका अधिक, आणि संसर्ग झालाच तर भरल्या कोठीमुळे कृमीचीही चंगळ. पीटर जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अमेरिकेत रायबेरोइया हा बेडकांना विद्रूप करणारा पर्णकृमी आणि हेलिसोमा गोगलगाय यांच्यावर प्रयोग करून हेच दाखवलं. टाक्यांमध्ये नत्र-स्फुरद वाढवलं तेव्हा शेवाळ वाढलं, गोगलगायी वाढल्या आणि एकेका गोगलगायीतून निघणाऱ्या सर्केरियाही वाढल्या. वाडीतलं डबकं ही त्याच गोष्टीची आपल्या अंगणातली आवृत्ती आहे.

त्यामुळे 'समृद्ध जागा' आणि 'गरीब जागा' अशी रानातली तुलना अन्नाचा परिणाम दाखवते असं मानताच येत नाही. दोन बदल एकमेकांच्या विरुद्ध ओढतात: अन्न ट्रायग्लिसराइड वाढवतं, कृमी ती घटवतो, आणि सरासरीत दोघंही नाहीसे होतात. पहिल्या नमुन्यांत नेमकं हेच झालं होतं.

रत्नागिरी जिल्ह्यात हा विषय फक्त प्रबंधापुरता नाही. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी याच जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसांच्या लघवीतून रक्त जाणाऱ्या शिस्टोसोमियासिसचं केंद्र नोंदवलं. भारतात माणसाच्या या रोगाची इतकी ठळक स्थानिक नोंद दुसरी नाही. तिथे यजमान म्हणून फेरिसिया टेन्युइस या टोपीसारख्या शंखाच्या इवल्या गोगलगायीकडे बोट दाखवलं गेलं. वहाळातली कुठली गोगलगाय कोणत्या कृमीला पोसते, हे या जिल्ह्यातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आपल्या अभ्यासक्रमात पर्णकृमीचं चक्र बाणांच्या आकृतीत पाठ होतं, पण बांधावरची इंडोप्लॅनॉर्बिस हातात देऊन ती ओळखायला कोणी लावत नाही.

प्रबंधाची मांडणी त्यानंतर बदलली. डबकं आणि डोह यांची तुलना पार्श्वभूमी म्हणून राहिली. मुख्य काम प्रयोगशाळेत उबवलेल्या पिढीवर: पान, बलक आणि उपास असे तीन गट. रानातून आणलेल्या संसर्गित गोगलगायी वेगळ्या प्रकरणात, प्रत्येकीपुढे कृमीचा प्रकार, सर्केरिया सोडते की नाही आणि ग्रंथीचं सुकं वजन अशी नोंद. एकत्र वाटलेले नमुने पूर्ण वगळले.

गोठ्याच्या मालकांनी पशुवैद्यकांना बोलावून शेणाची तपासणी करून घेतली. फिकट, पारदर्शक अंडी अँफिस्टोमची निघाली, आणि काही सोनेरी-पिवळी यकृतातल्या फॅसिओला या पर्णकृमीची. फॅसिओला इंडोप्लॅनॉर्बिसमधून येत नाही, तो डबक्यातल्या दुसऱ्या गोगलगायीतून, लिम्नियातून येतो, आणि पाण्याकाठच्या गवताला चिकटून गुरांच्या पोटात जातो. गुरांना औषध दिलं गेलं. पण मोरी डबक्यातच सोडत राहिलो तर औषधाचा उपयोग पुढच्या पावसापर्यंतच, हे त्यांना पटलं. आता मोरीचं पाणी आधी गायरीशेजारच्या बंद खड्ड्यात जिरवायचं आणि डबक्याकाठचं गवत गुरांना ओलं न घालता कडक उन्हात चांगलं वाळवूनच द्यायचं असं त्यांनी ठरवलं आहे. खड्डा खणून झाला आहे. त्यावर झाकायला जांभ्याच्या चिऱ्यांची वाट पाहत आहेत.